कुरासाओ: किनारे सोडून बेट बघायचं तर

प्रश्न असा आहे: नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहणारं एक जोडपं मे महिन्याच्या सुट्टीत आठ दिवस कुरासाओ या कॅरिबियनमधल्या बेटावर येतंय. बरोबर दहा वर्षांचा मुलगा आणि म्हसवडहून आलेले आईबाबा. "आईबाबांना समुद्रात उतरायचं नाही, उन्हात वाळूवर बसायचं तर मुळीच नाही. फोटोंत सगळीकडे काटेरी झुडपं आणि तपकिरी टेकड्या दिसतात. किनारे सोडले तर तिथे बघण्यासारखं काही आहे का, की विलेमस्टाड शहर पाहून झाल्यावर उरलेले दिवस हॉटेलात काढायचे?"

मी या बेटावर राहते आणि येणाऱ्यांना बेट दाखवणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बघण्यासारखं भरपूर आहे. अडचण ठिकाणांची नसून वेगळीच आहे. ओल्या, हिरव्या मुलखात काय बघायचं ते आपोआप दिसतं. धबधबा दिसला की माणूस थांबतोच. कोरड्या मुलखात तसं होत नाही. तिथे नेमकं कशाकडे बघायचं ते आधी माहीत असावं लागतं, आणि ते दिवसाच्या योग्य वेळी बघावं लागतं. हे दोन्ही नसेल तर क्रिस्टोफेल अभयारण्याच्या रानातसुद्धा सकाळी अकरा वाजता फक्त काटे आणि ऊनच दिसतं, आणि माणसं वैतागून किनाऱ्यावर परततात.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. आईबाबांचे गुडघे कसे आहेत, तुम्ही गाडी भाड्याने घेणार का (घ्याच, बसच्या भरवशावर पश्चिम टोक होत नाही), आणि पहाटे उठायची घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का. मे हा इथला कोरडा काळ. पाऊस पडतो तो मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि वर्षभराचा हिशोब साधारण साडेपाचशे मिलिमीटरचा. म्हसवडसारख्या दुष्काळी भागातल्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही. डिसेंबरात आला असतात तर टेकड्या हिरव्या दिसल्या असत्या, तलावांत पाणी दिसलं असतं आणि डासही भेटले असते. मे महिन्यात बेटाचा सांगाडा दिसतो. मला स्वतःला तेच जास्त आवडतं, कारण इथल्या माणसांनी पाण्यासाठी काय काय केलं ते तेव्हाच उघडं पडतं.

पाण्याचा माग काढत फिरा, हा माझा एका वाक्यातला सल्ला. त्यामागचं कारण सांगते.

बेट 444 चौरस किलोमीटरचं, लांबट आणि चिंचोळं. मधला भाग बेसाल्टचा. सह्याद्रीचाही खडक बेसाल्टच, पण आपला लाव्हा जमिनीवर पसरला आणि इथला समुद्राच्या तळाशी, पाण्यात ओतला गेला. त्यामुळे तो उशांसारखे गोळे होऊन थिजला. रस्त्यासाठी टेकडी कापलेली असेल तिथे एकावर एक रचल्यासारखे हे गोल दगड दिसतात. बाबांना नक्की दाखवा. या बेसाल्टभोवती चुनखडीची कड आहे. ती म्हणजे जुनी प्रवाळाची भिंत, समुद्राबाहेर उचलली गेलेली. चुनखडीत पाणी झिरपून जातं, म्हणून कडेला निवडुंगच. आत बेसाल्टवर माती साचते, विहिरींना थोडंफार पाणी लागतं. त्यामुळे जुनी शेती, जुनी गावं, मळ्यांचे मोठे वाडे बहुतेक आतल्या बाजूला आहेत आणि हॉटेलं कडेला. किनाऱ्यापुरतंच फिरणाऱ्याला या बेटावर माणसं कशी जगली ते कळत नाही, त्याचं कारण हे.

आतल्या रस्त्याने पश्चिमेकडे निघालात की नावांवर लक्ष ठेवा. टांकी म्हणजे तळं, पोस म्हणजे विहीर. मळेवाल्यांनी ओढ्यांवर मातीचे बांध घालून पावसाचं पाणी अडवलं, ते जमिनीत मुरवलं आणि बांधाच्या खालच्या अंगाला विहिरी खणल्या. आपण ज्याला पाणी अडवा, पाणी जिरवा म्हणतो तेच. विहिरीच्या आसपास फळबाग, तिला इथे होफी म्हणतात. बेटावर दाट सावली मिळायची जागा हीच. मे महिन्यात बांधामागची तळी बहुधा आटलेली असतात, तळाला चिखलाच्या खपल्या सुटलेल्या असतात, आणि बांधापलीकडे दोनशे पावलांवर आंब्याचं गर्द झाड उभं असतं. मुलाला विचारा, याला पाणी कुठून मिळतं? उत्तर त्याच्या पायाखाली आहे.

यातली आईबाबांसाठी सगळ्यात सोयीची जागा म्हणजे बार्बर गावातलं होफी पास्तोर. तिथे पांढऱ्या सावरीचं अवाढव्य जुनं झाड आहे, खोडाला भिंतींसारखी आधारमुळं फुटलेली. सपाट वाट आणि सावली, चढ जवळजवळ नाहीच. डबा घेऊन जा आणि निवांत बसा.

त्याच बाजूला, डॉक्टरस्टाउनजवळ, कास दी पाली माइशी नावाचं छोटं संग्रहालय आहे. माझ्या मते तुमच्या आईबाबांना अख्ख्या बेटावर सर्वांत जास्त हेच आवडेल. गुलामगिरी संपल्यानंतर कष्टकरी माणसं ज्या घरांत राहत, त्यातलं एक घर तिथे जपलंय. फांद्या विणून त्यावर मातीचा गिलावा, वरून चुना, आणि छप्पर ज्वारीच्या कडब्याचं. हो, ज्वारीच. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांबरोबर ती इथे आली, आणि मक्याला न पुरणाऱ्या पावसातही तगली. दाणा खाण्याला, ताटं छपराला, उरलेलं जनावरांना. छपराखाली उभं राहून वर बघितलं की ताटांच्या जुड्या कशा दाबून बांधल्यात ते जवळून दिसतं. वळचणीला त्यांची जाडी चांगली हातभर असते, म्हणून भर दुपारीही आत गारवा. आवाराला कुंपण आहे ते दातू नावाच्या उभ्या निवडुंगाचं. कांडी तोडून रांगेत रोवायची, ती जगते, आणि दोनेक वर्षांत शेळी घुसणार नाही असं जिवंत कुंपण तयार होतं. ना खिळा, ना तार, ना पाणी. सुगीच्या आनंदाचा सेउ हा सोहळा अजूनही ईस्टरच्या सोमवारी विलेमस्टाडच्या रस्त्यांवरून मिरवत निघतो. तुम्ही येईपर्यंत तो होऊन गेलेला असेल.

झाडांचं म्हणाल तर आईबाबांना इथे ओळखीची मंडळी भेटतील. महाराष्ट्रात बांधाबांधावर माजलेली विलायती बाभूळ मूळची याच भागातली, आणि इथे ती आपल्या जागी, बेताने वाढते. फड्या निवडुंगही अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आला. उलट कोरफड जुन्या जगातून इथे आणली गेली. तिचे मळे होते आणि रस वाळवून औषधासाठी परदेशी जायचा. एका बाजूला वाकलेलं, जणू कोणी केस मागे विंचरलेत असं दिसणारं झाड म्हणजे दिवी-दिवी. वर्षभर पूर्वेकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांनी ते पश्चिमेकडे झुकतं. दिशा चुकली तर त्याच्याकडे बघावं. त्याच्या शेंगांत टॅनिन असतं, कातडी कमावण्यासाठी त्या युरोपात जात.

उंच निवडुंगाला कादुशी म्हणतात. त्याची पांढरी फुलं रात्री उमलतात आणि सकाळी ऊन चढलं की मिटतात, कारण त्यांचं परागीभवन मुख्यतः वटवाघळं करतात. तीच वटवाघळं बेटाच्या गुहांत राहतात. मुलाला यात रस असेल तर जिथे उतराल तिथलीच एखादी कादुशी हेरून ठेवा, अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन लांबून बघा. पायात बूट हवेत, चपला नकोत. इथला काटा रबरी तळव्यातून आरपार येतो.

आता इतिहास, आणि इथे मी थोडी थांबणार आहे, कारण तो टाळून हे बेट दाखवणं मला पटत नाही. 1499 साली स्पॅनिश इथे पोहोचले. सोनं नाही, पाणी नाही, म्हणून त्यांनी या बेटांना निरुपयोगी ठरवलं आणि इथल्या काकेतियो लोकांना गुलाम म्हणून दुसरीकडे नेलं. 1634 साली डच वेस्ट इंडिया कंपनीने बेट घेतलं. त्यांना हेरिंग मासे खारवायला मीठ हवं होतं आणि गलबतांसाठी सुरक्षित बंदर हवं होतं. कोरडी हवा आणि सततचा वारा, म्हणजे मिठाला उत्तमच. मग त्याच बंदरातून माणसांचा व्यापार सुरू झाला आणि कुरासाओ कॅरिबियनमधल्या गुलामांच्या बाजाराचं मोठं केंद्र बनलं.

17 ऑगस्ट 1795 रोजी पश्चिमेकडच्या केनेपा मळ्यावरच्या गुलामांनी कामाला नकार दिला आणि तुला नावाच्या माणसाच्या नेतृत्वाखाली ते चालू लागले. त्याचा युक्तिवाद साधा आणि बिनतोड होता: फ्रेंचांनी आपल्या गुलामांना मुक्त केलंय, हॉलंड आता फ्रेंचांच्या ताब्यात आहे, तर आम्हीही मुक्त असायला हवं. मळ्यामागून मळा सामील होत गेला. महिनाभराहून अधिक काळ उठाव टिकला. 3 ऑक्टोबरला तुलाला अतिशय क्रूर पद्धतीने ठार मारलं गेलं. गुलामगिरी संपली ती 1 जुलै 1863 ला. तुलाला बेटाने 2010 मध्ये राष्ट्रीय वीर घोषित केलं, आणि नेदरलँड्सच्या सरकारने त्याच्यावरचा कलंक अधिकृतपणे पुसून त्याला सन्मान परत दिला तो 2023 च्या 3 ऑक्टोबरला.

केनेपाचा वाडा टेकडीवर उभा आहे आणि त्याच्याच खाली बेटावरचा सर्वांत प्रसिद्ध किनारा, केनेपा ग्रांदी. तुमचा पेच इथे सुटतो: तुम्ही आणि मुलगा सकाळी पाण्यात, आईबाबा वाड्याच्या ओट्यावर वाऱ्यात. मग सगळे मिळून वरचं तुलाचं प्रदर्शन बघा. उघडण्याच्या वेळा बदलतात, आधी फोन करून खात्री करा. वाड्याच्या ओट्यावरून खालची निळाई बघताना मालकाला तिथून काय काय दिसत असेल, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. बरेचसे वाडे असेच उंचावर आहेत. वारा मिळावा हे एक कारण, मळ्यावर नजर राहावी हे दुसरं.

क्रिस्टोफेल अभयारण्याबद्दल. शिखर 372 मीटर, बेटावरचं सर्वांत उंच. आकडा ऐकून कोणी हसेल, पण शेवटच्या टप्प्यात हातांनी धरून खडक चढावे लागतात आणि सावली नाही. त्यामुळे तुम्ही दोघं आणि मुलगा जा, आईबाबा नको. फाटक पहाटे उघडतं, तेव्हाच आत शिरा. दहानंतर चढायला सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे. मी स्वतः नऊपर्यंत खाली आलेली असते. वर चढताना एक गोष्ट लक्षात घ्या: खालच्या टप्प्यात निवडुंग, आणि जसजसं वर जाल तसतसे झाडांच्या फांद्यांवर ऑर्किड दिसू लागतात. उंचीवर ढग आणि दव अडतं, तेवढ्याशा ओलाव्यावर त्या वनस्पती जगतात. पुन्हा पाणीच. आईबाबांसाठी त्याच अभयारण्यातून गाडीने फिरायचे मार्ग आहेत. काकेतियो लोकांची दगडावरची चित्रं आहेत, आणि फाटकाशी साव्होनेतच्या जुन्या वाड्यातलं संग्रहालय. नशिबात असेल तर पांढऱ्या शेपटीचं हरीण दिसतं.

तिथून उत्तर किनाऱ्यावरचं शेते बोका हे उद्यान हाकेच्या अंतरावर. दक्षिणेचा समुद्र तळ्यासारखा शांत, उत्तरेचा मात्र अंगावर येणारा. वारा सरळ तिकडून येतो, लाटा चुनखडीच्या कपारीत घुसून वर उसळतात. बोका ताब्लाच्या गुहेत उतरून लाट आत येताना बघता येते. गाडीतळापासून ते अंतर थोडं, पण पायऱ्या ओल्या आणि खडक धारदार असतात. आईबाबांचा हात धरा. पाण्यात उतरायचं नाही, कडेला पाठ करून फोटो काढायचा नाही. यात कुठलीही सूट नाही.

फ्लेमिंगो बघायला यान कॉकच्या जुन्या मिठागराशी सकाळी जा. रस्त्यावरूनच दिसतात. किती दिसतील ते सांगता येत नाही, कधी दाटीवाटीने तर कधी मोजकेच. मिठागरात उतरून जवळ जायचा मोह टाळा, ते उठून जातात आणि त्यांचं खाणं सुटतं.

विलेमस्टाडवर भरपूर लिहिलेलं मिळेल, म्हणून मोजकंच सांगते. शहराचा जुना भाग 1997 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. 1888 पासूनचा तरंगता पूल जहाज आलं की बाजूला सरकतो. मुलाला त्यावर उभं असताना तो सरकलेला हवा असेल, तर थोडी वाट बघा. 1732 सालच्या ज्यू प्रार्थनास्थळात जमिनीवर वाळू पसरलेली आहे. युरोपात लपून प्रार्थना करणाऱ्यांनी पावलांचा आवाज दाबायला वाळू वापरली, त्याची ती आठवण, असं तिथे सांगतात. पुंडा भागात सिंधी व्यापाऱ्यांची जुनी दुकानं आहेत, आईबाबांना हिंदीत बोलायला कोणीतरी भेटेल. दुपारचं जेवण जुन्या बाजारात, प्लासा बिएउला. मक्याच्या पिठाचा घट्ट फुंची शाकाहारी असतो. भेंडीचं आणि कादुशीचं सूप मात्र बहुधा मासे किंवा खारवलेलं मांस घालून करतात, विचारूनच घ्या. शहरातून बाहेर पडताना तेल शुद्धीकरण कारखाना दिसेल, तोही बघण्यासारखाच आहे: गेल्या शतकात बेटाचं नशीब त्यानेच बदललं. आणि नळाचं पाणी खुशाल प्या. ते समुद्राचं असतं. 1928 पासून इथे समुद्राचं पाणी गोडं करतात. बांध, विहीर आणि छपराखालचा पावसाच्या पाण्याचा हौद यांवर चालणारं बेट तेव्हापासून बदलत गेलं.

आठ दिवसांची आखणी मी अशी करेन. दोन दिवस शहर. एक सकाळ क्रिस्टोफेल, आणि ती आल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, उन्हाची सवय झाल्यावर. एक दिवस बार्बर, कडब्याचं घर आणि फ्लेमिंगो. एक दिवस केनेपा, येताना शेते बोका. हाटोच्या चुनखडीच्या गुहा विमानतळाजवळ आहेत, त्या अर्ध्या दिवसात होतात. सुरुवातीला पायऱ्या चढाव्या लागतात, गुडघ्यांचा अंदाज घेऊन ठरवा. उरलेले दिवस मोकळे ठेवा. रोज सकाळी साडेसहा ते दहा बाहेर, मग घरी, आणि पुन्हा चारनंतर. संध्याप्रकाश इथे फार थोडा वेळ टिकतो, सूर्य बुडाला की लगेच अंधार. रानातून त्याआधी बाहेर पडा.

उन्हाबद्दल एक इशारा. सतत वारा असल्याने घाम अंगावरच सुकतो आणि ऊन लागतंय हे कळत नाही. डोकं दुखू लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या, माणशी किमान दोन लिटर गाडीत ठेवा. आईबाबा रक्तदाबाची गोळी घेत असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

मान्सालिन्या नावाचं झाड ओळखून घ्या. हिरवंगार, चकचकीत पानांचं, छोट्या सफरचंदासारखी फळं. किनाऱ्यालगत आणि रानातही असतं. त्याचा चीक अंगावर पडला तर फोड येतात, आणि फळ विषारी असतं. पाऊस आला तर त्याच्याखाली आडोशाला उभं राहायचं नाही. मुलाला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा.

गाडी उजव्या बाजूने चालते, तुम्हाला सवय आहेच. गाडी उभी करून फिरायला जाल तेव्हा आत पिशवी, फोन काही ठेवू नका.

आणि सगळ्यात आधी करायचं काम: आईबाबांचा व्हिसा तपासा. कुरासाओ डच राज्याचा भाग असलं तरी शेंगेनमध्ये (युरोपातल्या समाईक व्हिसाच्या क्षेत्रात) येत नाही, इथले प्रवेशाचे नियम वेगळे आहेत. ते भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसाने तुमच्याकडे आले असतील, तर तो व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे का ते बघा. नसेल, तर इथून परतताना त्यांना ॲम्स्टरडॅमला पुन्हा आत येता येणार नाही. कुरासाओसाठी त्यांना वेगळा व्हिसा लागतो का, हे तिकिटं काढण्याआधी डच परराष्ट्र खात्याकडून लेखी विचारून घ्या. सगळ्यांसाठी इथला इमिग्रेशनचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, तो निघण्याआधी भरा. आईबाबांच्या गुडघ्यांचं आणि तुम्ही कुठे उतरताय त्याचं कळवलंत, तर रोजचा मार्ग त्याप्रमाणे बदलून सांगेन.